झोपलेल्या माणसाचं वजन

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे.

घाटकोपरच्या डोंगरावर पत्र्याची एक खोली, तीत आम्ही तिघं. पप्पा आधी एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मालकाने जागा बिल्डरला दिली, मशिनं भंगारात गेली आणि पप्पा घरी बसले. बरेच महिने बसले. आईने दोन घरचा स्वयंपाक धरला. घरात दूध यायचं बंद झालं, काळा चहा सुरू झाला, आणि मला सांगण्यात आलं की काळा चहा तब्येतीला चांगला. मग अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीच्या वॉचमनचं काम मिळालं. संध्याकाळी डबा घेऊन निघायचं, सकाळी परत यायचं, आंघोळ, चहा-चपाती, की आडवं व्हायचं. त्यामुळे आमच्या खोलीत दिवसभर रात्र असायची. आई खिडकीला जुनी चादर लावायची. शिट्टी नको म्हणून कुकर वर माळ्यावर गेला आणि भात टोपात शिजू लागला. भांडी दाराबाहेर बसून घासायची, तीही एकमेकांवर न आपटता.

आई आणि मी हातवाऱ्यांनी बोलायचो. गॅस संपला, शेजारीण साखर मागतेय, तुझा अभ्यास झाला का, गप बस नाहीतर थोबाड फोडीन, सगळं हातांनी. कुणी पाहिलं असतं तर या घरात मुके राहतात असं वाटलं असतं.

एवढी शांतता पप्पांची झोप मोडू नये म्हणून होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. आजोबा एकदा गावाहून आले होते. दुपारी जेवले, डाळीत मीठ कमी म्हणाले, आणि पप्पा झोपतात त्याच कोपऱ्यात लवंडले. मी शेजारी बसून गणितं सोडवत होते. चहा झाला तेव्हा आईने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला, तो मला अजून आठवतो. ते कधी गेले कुणालाच कळलं नव्हतं. हाताच्या अंतरावर मी होते आणि मलाही नाही.

त्यानंतर आईला एक खोड लागली. पप्पा झोपले की ती अधूनमधून वाकायची आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरायची. उबदार लागलं की माझ्याकडे बघून मान हलवायची, म्हणजे आहे, चालू आहे. कामाला जाताना दारातून मला खूण करायची. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे, मग पप्पांकडे. लक्ष ठेव. हा माणूस झोपेतून उठेल ना, ही तिची भीती. ती तिने मला वाटून दिली होती, जशी घरातली कामं वाटतात तशी.

पप्पांचं पोट वर-खाली होतंय की नाही हे बघत बसणं हे माझं शाळा सुटल्यानंतरचं काम. नुसतं बघून डोळे पेंगायचे. पप्पा कंपनीतून एका बाजूने छापलेली मालाची जुनी चलनं आणायचे, मला कच्च्या कामाला. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पप्पांना काढायला लागले. आवड-बिवड काही नव्हती, झोप येऊ नये म्हणून. कुशीवर झोपलेले, पालथे, हात डोळ्यांवर, एक पाय भिंतीला. हलायचे नाहीत. आमच्या वस्तीत दुसरं कुणी न हलता बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

आईने चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हातवारे विसरली आणि तोंडाने बोलली. घाबरली की तिच्या तोंडात मालवणी यायची.

"जित्या माणसाक आडवो काढतंस? वाईट असता गो ता."

पप्पा त्या आवाजाने जागे झाले. डोळे न उघडता म्हणाले, "काढू दे गो तिका. माझो फोटो लग्नात काढल्यानी तेवढोच."

मग परत झोपले. आईने बोट धरून बघितलं.

शाळेत ड्रॉइंगच्या बाईंनी दोन्ही ग्रेड परीक्षांना बसवलं, दोन्हीला ए ग्रेड आली. बारावीनंतर मी चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि लागले. आमच्यात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मुलुंडचे काका म्हणाले, "कॉलेजच करायचं तर कॉमर्स कर. ही कसली पदवी, रंगाऱ्याची?" मी म्हटलं, "काका, तुमच्या घरात कुणाची रंगाऱ्याची तरी आहे का?" मी असं बोलायला नको होतं, असं आई नंतर म्हणाली. पण म्हणताना हसत होती.

कॉलेजात मी मान वर करून गेले. आपल्याला माणूस काढता येतो, ही माझी खात्री. पहिल्या लाइफ क्लासला एक मध्यमवयीन मॉडेल चौथऱ्यावर काठी टेकून उभा होता. मी बोर्डवर कागद लावला आणि झपाझप काढला. कपड्यांच्या चुण्या, पोटऱ्यांच्या शिरा, सगळं. शेजारच्या मुलीचा तर डोक्यापासून खांद्यापर्यंतच झाला होता.

लाइफ क्लासचे सर अंगाने बारीक आणि जिभेने तिखट. माझ्यामागे येऊन थांबले.

"हा कोण?"

"मॉडेल, सर."

"मॉडेल उभा आहे. याला तू कुठल्या खुंटीला अडकवलंयस?"

वर्गात हशा. बोरिवलीची एक मुलगी, जी पुढे माझी मैत्रीण झाली, ती म्हणाली, "सर, इस्त्री करून हँगरला लावलाय."

मी चित्राकडे बघितलं. ते खरं होतं. मान एका बाजूला पडलेली, हात लोंबणारे, पंजे खाली टोक करून, जमिनीला न टेकलेले. चुणी न चुणी बरोबर होती आणि माणूस उभा नव्हता. त्याला कुणीतरी वरून धरलेलं होतं. नाहीतर... नाहीतरच्या पुढे मी विचार केला नाही.

सरांनी जुनं काम मागवलं. दुसऱ्या दिवशी मी चलनांचा गठ्ठा नेला. ते एकेक कागद बघत गेले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे सगळे एकच गृहस्थ?"

"हो. माझे पप्पा."

"आहेत ना?"

मला प्रश्न कळायला क्षण लागला.

"आहेत सर! नाइट ड्युटी असते त्यांची. दिवसा झोपतात."

"बरं, बरं." त्यांनी गठ्ठा परत दिला. "काढलेत छान. पण आता तुला कळलं का घोळ? झोपलेल्या माणसाने सगळं वजन जमिनीला देऊन टाकलेलं असतं. त्याच्याकडे काहीच नसतं. तू तोच माणूस उचलून उभा करतेस. उभ्या माणसाला स्वतःचं वजन स्वतः धरावं लागतं, बाई. कुठे धरलंय ते बघ. कुठल्या पायावर, कुठल्या कुल्ल्यावर. ते सापडलं की मग नाक-डोळे." आणि जाता जाता म्हणाले, "या वर्षी झोपलेला माणूस काढायचा नाही. एकही."

मला राग आला होता. घरी येऊन मी आरशासमोर एका पायावर वजन टाकून उभी राहिले. ज्या पायावर वजन, तिकडचा कुल्ला वर जातो. त्या बाजूचा खांदा खाली येतो. मान परत उलटी वळते, तोल सांभाळायला. दुसरा पाय नुसता पाहुणा. एवढी वर्षं मला दोन पाय होते आणि हे मला माहीत नव्हतं.

मग मी आणि बोरिवलीवाली भटकायला लागलो. घाटकोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग, मासळी बाजार, आमच्या वस्तीतला नळ. सर सांगायचे, माणूस कसा दिसतो ते काढू नका, तो काय करतोय ते काढा. ढकलतोय, ओढतोय, वाट बघतोय, खोटं बोलतोय. कागदावर पेन टेकवायचं आणि तो हलायच्या आत संपवायचं. माझी माणसं तरी लटकतच होती. मैत्रीण वैतागायची.

"अगं, ती बाई हंडा उचलतेय ना यार. तुझ्या चित्रात हंड्याने तिला उचललंय."

माझा पहिला खरा माणूस मला घरातच सापडला. म्हणजे बाई. एका दुपारी पप्पा झोपलेले, आई पोळ्या लाटत होती, आणि शेजारीण दारातून तारस्वरात ओरडली, "वहिनी, पाणी आलं!" आई एका झटक्यात वळली. एक हात ओठांवर, दुसऱ्या हाताचा तळवा दाराकडे ढकलणारा, लाटणं तसंच मुठीत. टाच उचललेली. आणि कंबरेखालचं सगळं अंग पप्पांच्या बाजूला आडवं झालेलं, जणू आवाज तिथे पोचायच्या आत ती स्वतः मध्ये पडणार होती. मी हातात होता तो पेन्सिलीचा तुकडा चालवला. बारा-पंधरा रेघा असतील. चेहरा नव्हताच.

सरांनी ते बघितलं आणि विचारलं, "ही बाई कुणाला गप करतेय? आणि मागे कोण झोपलंय?"

मागे मी कुणालाच काढलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला दिसायला लागलं. माझं घर हातवाऱ्यांनी भरलेलं होतं आणि मी त्यात लहानाची मोठी झाले होते. काढत मात्र होते तिथल्या एकमेव गप्प पडलेल्या माणसाला. मी आईला काढायचा सपाटा लावला. तिने एकदा वही ओढून बघितली आणि खुणेने विचारलं, दोन्ही हात कंबरेपासून लांब नेत. मग राहवेना म्हणून कुजबुजली, "मी एवढी जाडी असंय काय गो?"

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात सरांनी चढणारी माणसं काढून आणायला सांगितली. चढ आमच्याकडे भरपूर. डोंगराच्या पायऱ्या खालच्या रस्त्यापासून थेट आमच्या दाराजवळच्या पाण्याच्या टाकीपर्यंत येतात. मी सकाळी टाकीच्या कट्ट्यावर बसायचे. त्याच वेळेला पप्पा ड्युटीवरून यायचे.

पूर्वी ते एका दमात वर यायचे. डबा हलवत, ओळखीच्यांना आवाज देत. आता पिठाच्या गिरणीपाशी थांबत. मग नळापाशी. मग मंडळाच्या फळ्यासमोर, जणू त्यावर काही नवीन लिहिलंय. फळ्यावर गणपतीपासून तेच लिहिलेलं होतं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर पप्पा तिथेच उभे राहिले. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. खांदे पार कानांपर्यंत.

"काढ, काढ," खालून म्हणाले. "तुझ्यासाठी थांबलंय. मॉडेल मी तुझो."

गिरणीवाला हसला. मीही हसले आणि काढलं. रोज ते थांबायचे, रोज म्हणायचे, घे, पोझ घे. दिवसेंदिवस पोझ लांबत चालली. मला वेळ जास्त मिळायला लागला, त्यामुळे रेघा चांगल्या येत होत्या. वर आल्यावर ते बोलायचे नाहीत. खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडायचे, आणि एके दिवशी नाड्या बांधलेल्याच नव्हत्या. मी विचारलं. म्हणाले, "बूट आवळता. उन्हान पाय फुगतत."

उन्हाने पाय फुगतात हे आईलाही पटलं. तिचेही फुगायचे.

झोपायची जागाही त्यांनी बदलली होती. उकडतं म्हणून भिंतीला टेकून झोपायचे. भिंत गार लागते म्हणे. आधी पाठीशी उशी. मग उशीवर घडी केलेली गोधडी. मग गुंडाळलेली गादी. आई बोट धरून बघायची. ऊब लागायची. मान हलवायची. चालू आहे.

त्यातलं एक चित्र, फळ्यासमोर थांबलेले पप्पा, सरांनी वर्गाच्या भिंतीवर टाचलं. माझ्या कामाला भिंत मिळाली ती पहिलीच वेळ. सगळ्यांना बोलावून म्हणाले, "याचा श्वास ऐकू येतोय का बघा." पोरं पुढे येऊन बघायला लागली. बोरिवलीवाली म्हणाली, "झकास! आता पार्टी दे." मी त्या दिवशी वर्गात कुणाला भाव दिला नाही.

वर्ग सुटल्यावर सर चित्रासमोरच उभे होते. मी बोर्ड उचलत होते.

"इकडे ये. यांचं वजन कुठे आहे?"

"हातांत, सर. भिंतीवर आणि गुडघ्यावर."

"पाय असताना हातांत का?"

"चढून दमलेत."

"दमलेला माणूस सैल पडतो. कट्टा दिसला की बसतो. हे बसत नाहीयेत. हे हात रोवून स्वतःला वर खेचतायत." त्यांनी बोटाने मानेजवळची रेघ दाखवली, जी मी विचार न करता मारली होती. "गळ्यापर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस असा उभा राहतो. तू हे मुद्दाम वाढवून काढलंस का?"

"नाही सर. दिसलं तसं."

मग म्हणाले, "मला औषधपाण्यातलं कळत नाही. चित्र बरोबर आहे, एवढंच सांगतो."

मी घरी गेले ती धावतच गेले म्हणायला हरकत नाही. आई दाराशी तांदूळ निवडत होती. आत पप्पा भिंतीला टेकून झोपलेले. मी चादर लावलेल्या खिडकीखाली, नेहमीच्या जागी बसले. दीड वर्षात मी त्यांना झोपलेलं काढलं नव्हतं, सरांनी वर्षभर बंदी घातली होती आणि पुढे सवयच सुटली म्हणून. खरं सांगायचं तर नीट बघितलंही नव्हतं. पेन्सिल काढली नाही. नुसतं बघितलं, उभ्या माणसाकडे बघायला शिकवलं होतं तसं. वजन कुठे आहे?

मानेच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणलेल्या. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. खांदे वर जात आणि वरच राहत. दोन्ही पंजे चटईवर रोवलेले, बोटांची पेरं पांढरी. पायाची बोटंसुद्धा आवळलेली. झोपलेल्या माणसाने काही करायचं नसतं. आणि हा माणूस गाढ झोपेत ओझं उचलत होता. हंडा उचलणाऱ्या बाईच्या अंगात असते ती प्रत्येक रेघ तिथे होती.

मी आईला खुणेने आत बोलावलं. पप्पांकडे बोट केलं. माझ्या मानेवरून बोटं फिरवली, खांदे वर करून दाखवले. ती वाकली, सवयीने नाकाखाली बोट धरलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आहे. चालू आहे.

मी नकारार्थी मान हलवली. तिने परत बोट धरलं. परत मान हलवली, या वेळी जरा रागाने. तेव्हा मला कळलं की आम्ही दोघी इतकी वर्षं श्वास आहे की नाही एवढंच बघत आलो होतो. आजोबांचा नव्हता, यांचा आहे, म्हणजे झालं. तो कसा येतोय, कुठून येतोय, किती ओढून आणावा लागतोय, हे बघायचं असतं असं आमच्या डोक्यातच आलं नाही. तो येत होता. तेवढ्याने आई निर्धास्त होती.

संध्याकाळी पप्पा उठले, युनिफॉर्म घातला. डबा भरला होता. डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर ते हसले असते, हे मला माहीत होतं. सर्दी, पित्त, उन्हाळा, यांपैकी काहीतरी सांगून पायऱ्या उतरून गेले असते. म्हणून मी बोर्ड मांडीवर घेतला.

"पप्पा, एक पोझ हवी. कॉलेजसाठी."

"आता? उशीर होतलो."

"पटकन. चटईवर झोपा. सपाट. उशी नको."

"बसलेलो चलात? बसतंय."

"बसलेलं नको. झोपलेलं पाहिजे."

त्यांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. पप्पांनी मला पोझ कधीच नाकारली नव्हती. टोपी काढून बाजूला ठेवली आणि ते सावकाश, एक कोपर टेकत आडवे झाले. पाठ जमिनीला लागली. मी कागदाला पेन्सिल लावली.

आधी काही झालं नाही. पत्रा तापलेला, पंखा कुरकुरत होता. मग त्यांचं तोंड उघडलं. डोळे छताकडे मोठे झाले. एक हात चटईच्या बाहेर जाऊन काहीतरी पकडायला चाचपडू लागला. घशातून एक बारीक आवाज आला, उकळायला लागलेल्या पाण्यासारखा.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

मी हे म्हणाले. कागदावर एकही रेघ नव्हती, तरी मी म्हणाले. मागे आईच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. आमच्या घरात भांडं पडल्याचा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

पप्पा उठून बसले. उठले म्हणजे, अंग उसळलं त्यांचं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांना लावून, ते श्वास ओढत राहिले. पायऱ्यांवरची पोझ. तीच.

"ड्युटीवर जाऊ नका," मी म्हटलं.

"खाडो पडता."

"पडू दे."

बऱ्याच वेळाने त्यांना पूर्ण वाक्य बोलता आलं. "चार चित्रां काढलंस म्हणजे डॉक्टर झालंस?"

"नाही झाले. पण माणसाचं अंग बघायला शिकलेय मी. तुम्ही सपाट झोपून दाखवा. माझं चित्र होईपर्यंत झोपून राहा, मग जा ड्युटीला. मी काही बोलणार नाही."

पप्पा चटईकडे बघत राहिले. रोज ज्यावर झोपायचे त्या चटईकडे माणूस असं बघत नाही. मग हळूच डब्याची पिशवी त्यांनी स्वतःपासून लांब सरकवली.

आई म्हणाली, "चला." एवढंच. आणि खुणेने नाही, तोंडाने.

पायऱ्या उतरणं त्यांना झेपणार नव्हतं. आमच्याकडे आजारी माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेतात. शेजारचे दोघे जण आले, खुर्ची उचलली. गिरणीवाल्याने चक्की थांबवली. एरवी चेष्टा करणारी माणसं कडेला सरकून उभी राहिली आणि कुणी काही बोललं नाही. तेच जास्त भीतीचं होतं. डोंगरावरून खुर्चीतून खाली गेलेली बरीच माणसं आम्ही पाहिली होती. सगळीच परत चढून आली नव्हती.

पालिकेच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "सपाट झोपता येतं का?"

पप्पा म्हणाले, "येतं की."

"नाही येत," मी आणि आई एकदमच म्हणालो.

हृदयाची एक झडप खराब झाली होती. बऱ्याच दिवसांपासूनची. फुप्फुसात पाणी साठलं होतं. ऑक्सिजन लावला, पाणी उतरायचं औषध सुरू केलं, पलंगाचा डोक्याकडचा भाग हँडल फिरवून वर केला. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करावं लागेल, नंबर लागेपर्यंत थांबावं लागेल, आणि तोपर्यंत काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. मला सरळ सांगितलेलं आवडतं. पण ते ऐकून मी त्यांना तेच दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

ते थांबणं मी विसरणार नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा पप्पांना रोज बिस्किट द्यायचे. एका सकाळी मी गेले तेव्हा त्या खाटेवर नवीन चादर होती. आई पप्पांच्या पायाशी बसून असायची. आता ती बोट धरत नव्हती. त्यांचे खांदे बघायची, मानेच्या दोऱ्या बघायची. मी तिला दाखवलं होतं, काय बघायचं ते. मुलुंडचे काका भेटायला आले आणि म्हणाले, "मी बोललो नव्हतो? लहानपणापासून पोरगी बापाला आडवा काढतेय. लागतं असलं."

आईने हातातलं मोसंबं सोलता सोलता म्हटलं, "भावजी, गप रवा. आणि चपला बाहेर काढून येवा."

कॉलेजला मी जात होते. जायचं नाही असं ठरवलं होतं, तर पप्पा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून भांडले. ते भांडू शकतायत हे बघून मी गेले. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचं चित्र काढून माझ्या हातात दिलं. "घरी लावायचं नाही हे," म्हणाले, "पण फाडूही नको." मी ते फोल्डरमध्ये घातलं.

ऑपरेशनच्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचरवर पप्पांना सपाट झोपवायला गेले, तेव्हा त्यांनी वॉर्डबॉयचा हात धरला आणि म्हणाले, "अर्धो वर ठेव रे." त्याने ठेवला. दरवाजा बंद झाला. आई आणि मी बाहेर उभ्या होतो. आमच्यात एक शब्दही झाला नाही, एक खूणही नाही. तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. दुपार गेली, बाकावरची माणसं बदलली, आणि मग दार उघडून एक नर्स बाहेर आली. तिने कुणाचं तरी नाव पुकारलं. आमचं नव्हतं. आम्ही परत उभ्या राहिलो.

पुढच्या खेपेला आमचं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं.

पप्पा सावकाश बरे झाले. रात्रपाळी कायमची सुटली. मी कॉलेजची उरलेली वर्षं सकाळी क्लास, दुपारी शिकवण्या अशी काढली. शेवटच्या वर्षी लाइफ ड्रॉइंगमध्ये पहिली आले, आणि पहिल्या वर्गात पदवी घेतली. आता अंधेरीत एका अॅनिमेशन स्टुडिओत माणसांच्या हालचाली काढायचं काम करते, आणि घर माझ्या पगारावर चालतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली आहे. ती घेतली तेव्हा पप्पा स्वतःच्या पायांनी समारंभाला आले होते.